ताटली हातात, ठेका पायांत

मैत्रिणींनो, गॅदरिंग जवळ आलं की नाच बसवायचं काम हक्काने माझ्याकडे येतं. अर्धवेळ शिक्षिका ना मी! यंदा मुलींनी हट्ट धरला, "बाई, आम्हाला 'जेरुसलेमा'च हवं." म्हटलं, हे आणखी काय? घरी मोबाइलवर लावलं, आणि पोळ्या लाटता लाटता माझेच पाय ठेका धरू लागले की!

हे गाणं दक्षिण आफ्रिकेतलं, २०१९ सालचं. भाषा झुलू. संगीत मास्टर केजी या तरुणाचं, आवाज नोमसेबो झिकोडे हिचा. चाल नाचाची, पण शब्द प्रार्थनेचे. २०२० च्या सुरुवातीला अंगोला देशातल्या एका नृत्यगटाने त्यावर नाच केला, तोही जेवता जेवता, हातात ताटल्या घेऊन! मग करोनाच्या साथीत देशोदेशींच्या इस्पितळांत डॉक्टर, नर्सेस त्यावर नाचल्या. त्या वर्षी २४ सप्टेंबरला, वारसा दिनी, सर्वांनी हा नाच करावा असं दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीच सांगितलं.

पावलं आपल्याला जमण्याजोगी आहेत. रांगेत उभं राहायचं, आधी एका पायाने, मग दुसऱ्याने ठेका धरायचा, थोडं पुढेमागे सरकायचं, पाव वळण घ्यायचं आणि पुन्हा तेच. जोडीदार लागत नाही, वयाची अट नाही. हळदीकुंकवाला पदर खोचून करून पाहा.

पण मला गुंतवलं ते नोमसेबोने. कितीतरी वर्षं ती दुसऱ्यांच्या गाण्यांना मागून साथ देत होती. हे गाणं जगभर गाजलं, तरी आपल्याला मोबदला मिळाला नाही, असं २०२१ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं. वाटणीवरून वाद होता. पण ती गप्प बसली नाही. पुढे २०२३ मध्ये दुसऱ्या एका गाण्यासाठी, दोन साथीदारांबरोबर, तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आमच्याकडे नाच संपला की टाळ्या मुलींना, आभार पाहुण्यांचे. बसवणारीचं नाव कुणी घेत नाही. मीही 'असू दे' म्हणत आले. यंदा निवेदनाच्या कागदावर मी दोन नावं लिहिली. गायिका, नोमसेबो झिकोडे. आणि त्याखाली, नाच बसवणारी म्हणून, माझं.

दुसरं लिहिताना हात जरा थरथरला, खोटं कशाला सांगू? पण खोडलं नाही.