बातमीचा बाजार आणि आपले मत

निवडणूक जवळ आली की आपल्या देशातील सुशिक्षित वर्गाला गरीब मतदाराच्या नीतिमत्तेची चिंता वाटू लागते. मतदार दारूच्या बाटलीला मत विकतो, पाचशेच्या नोटेला मत विकतो, असे अग्रलेख छापून येतात. आणि हे लिहिताना लेखकाच्या डोळ्यांसमोर जी वस्ती असते ती बहुधा आपलीच असते. मत विकणे हा अपराध आहे, यात शंका नाही. त्याचे समर्थन या पाक्षिकाचा कोणताही वाचक करणार नाही. परंतु ज्या कागदावर हा उपदेश छापला जातो त्या कागदाची पाने त्याच दिवसांत कोणत्या भावाने जातात, हे कोणी विचारावयाचे?

२००९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. त्या वेळचे मुख्यमंत्री श्री. अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघातून उभे होते. त्या दिवसांत मोठ्या मराठी दैनिकांतून त्यांच्या कर्तृत्वाचे गुणगान करणारी पानेच्या पाने प्रसिद्ध झाली. ‘अशोकपर्व’ असा त्यांपैकी काहींचा मथळा होता. त्यांवर ‘जाहिरात’ हा शब्द नव्हता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ही पाने जमवून शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा एक चमत्कार दृष्टीस पडला. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकच लेख शब्दाला शब्द जुळवून आला होता! निरनिराळ्या कचेऱ्यांत बसलेल्या लेखकांना एकाच वेळी तीच वाक्ये सुचावीत, हा योगायोग मानावयास फार मोठी श्रद्धा लागते. उमेदवारास तेव्हा १० लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा होती. श्री. चव्हाण यांनी दिलेल्या हिशेबात वृत्तपत्रांतील जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये आणि केबलवरील जाहिरातींचा ६,००० रुपये इतकाच होता.

या मजकुरासाठी आपण पैसे दिलेले नाहीत, असे श्री. चव्हाण यांचे म्हणणे होते. प्रकरण निवडणूक आयोगापुढे आणि न्यायालयांत चालत राहिले. उमेदवाराचा हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगास आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या मे महिन्यात दिला. जुलैमध्ये आयोगाने हा हिशेब नियमाप्रमाणे नसल्याचे ठरविले आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ते दोषी ठरले नाहीत, आणि आम्हीही त्यांना दोषी म्हणत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. पाच वर्षे निघून गेली, त्या विधानसभेची मुदतही संपत आली, आणि भोकरच्या मतदाराला आपण वाचले ती बातमी होती की जाहिरात होती, हे निश्चितपणे कोणीच सांगितले नाही. फसवणूक झाली असेल तर ती त्याची झाली होती. पण खटल्यात तो कोठेच नव्हता.

उत्तर प्रदेशात निकाल निराळा लागला. २००७ साली बिसौली येथून निवडून आलेल्या श्रीमती उमलेश यादव यांनी छापून आणलेल्या मजकुराचा खर्च दडविला, असे ठरवून आयोगाने त्यांना २०११ साली तीन वर्षांसाठी अपात्र केले. उमेदवारास अशी शिक्षा झाली. वृत्तपत्रांचे काय? भारतीय वृत्तपत्र परिषदेने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्याकडून या व्यापाराची चौकशी करविली. त्यांनी वृत्तपत्रांच्या नावांसह अहवाल दिला. २०१० साली परिषदेने तो अहवाल बाजूस ठेवला आणि काटछाट केलेला संक्षिप्त अहवाल बाहेर काढला. केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश झाला तेव्हा कोठे २०११ साली मूळ अहवाल लोकांसमोर आला. पाचशेची नोट घेणाऱ्या मतदाराची अब्रू चव्हाट्यावर आणणारे हेच लोक स्वतःच्या धंद्यातील नावे झाकण्यासाठी किती तत्पर असतात, ते पाहावे!

याहून मोठी हानी मात्र स्तुतीच्या पानांनी होत नाही. ती होते मौनाने. ज्या उमेदवाराने ‘पॅकेज’ घेतले नाही, त्याची सभा झाली तरी झाली नाही आणि त्याने मांडलेला प्रश्न उद्भवलाच नाही, असे वृत्तपत्र धरून चालते. भूमिहीनांच्या जमिनीविषयी, शिष्यवृत्तीविषयी, सफाई कामगारांच्या मृत्यूंविषयी बोलणारा उमेदवार पानभर मजकूर विकत घेऊ शकत नाही. मग वाचक म्हणतो, “हा कोण? याचे नाव कधी पेपरात वाचले नाही.” एक माणूस, एक मूल्य हे तत्त्व येथे मतपेटीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच मारले जाते.

आपल्याला हा अनुभव नवा नाही. ‘मूकनायक’ पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झाले, तेव्हा पैसे देऊ केले असताही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. त्या वेळी जातीमुळे दार बंद होते. आज पैसे मोजणाऱ्यास दार उघडते, असे कोणी म्हणेल. परंतु पैसा ज्यांच्या घरी आहे ती घरे कोणती, हे पाहिले म्हणजे जुने दार आणि नवे दार यांतील अंतर फारसे उरत नाही. पत्रकारिता हा व्यवसाय न राहता साबण बनविण्यासारखा व्यापार झाला आहे, असे बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यातील रानडे जयंतीच्या व्याख्यानात बजावले होते. त्या उपमेत आज थोडी दुरुस्ती करावी लागेल. साबणाच्या वेष्टनावर किंमत तरी छापलेली असते.

येथे आपल्या माणसांविषयीही दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. निळा झेंडा खांद्यावर घेऊन पानभर स्तुती विकत घेणारा पुढारी आपला आहे म्हणून ती स्तुती खरी ठरत नाही. राजकारणातील भक्ती हा अधःपाताचा मार्ग आहे, हा इशारा २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला गेला होता. तो काही केवळ दुसऱ्यांच्या पुढाऱ्यांसाठी नव्हता. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींच्या बाबतीत तर आपल्या घरातील तरुण हे भान पूर्णपणे विसरतात.

“सगळेच चोर, मग मत देऊन उपयोग काय?” असे आता अनेक घरांतून ऐकू येते. बातमी विकत घेणाऱ्यास याहून आनंदाची गोष्ट कोणती? त्याच्या माणसांची मते पडतातच. घरी बसतो तो आपला. विश्वास सरसकट टाकणे आणि सरसकट ठेवणे यांत विचार करण्याचे श्रम सारखेच वाचतात.

पैसे देऊन छापविलेली बातमी हा स्वतंत्र निवडणूक गुन्हा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ साली केली. त्यानंतर लोकसभेच्या २०१९ व २०२४ च्या निवडणुका त्या तरतुदीविनाच पार पडल्या. तरी आहे त्या नियमांनी काही करता येते. प्रत्येक जिल्ह्यात अशा मजकुराची छाननी करणारी समिती असते. मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून ९६ तासांच्या आत उमेदवारास नोटीस गेली पाहिजे, असा आयोगाचा दंडक आहे. म्हणजे तक्रार दुसऱ्या दिवशीच पोहोचली पाहिजे. प्रचारपत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव-पत्ता नसेल तर कायद्याने तो गुन्हा आहे. निकालाविरुद्ध ४५ दिवसांत उच्च न्यायालयात अर्ज करण्याचा अधिकार केवळ पराभूत उमेदवारास नव्हे, त्या मतदारसंघातील कोणत्याही मतदारास आहे.

म्हणून प्रत्येक वस्तीत चार मुला-मुलींनी निवडणुकीच्या काळात दोन निरनिराळी दैनिके रोज विहारात आणून ताडून पाहावीत. एकच मजकूर दोहोंत दिसला, अथवा खाली वार्ताहराचे नाव नसून वर एकाच उमेदवाराचे हसरे छायाचित्र दिसले, की ते पान कापावे. दैनिकाचे नाव, तारीख, आवृत्ती आणि पृष्ठक्रमांक कात्रणावर शाईने लिहावा, एक प्रत जवळ ठेवून दुसरी जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत द्यावी आणि पोच मागून घ्यावी.