बसला म्हणजे जमला असं नाही



गरवं भात निसवलंय, दाणा दुधात आहे. म्हणजे डुकरांना आवतण गेलंच. परवा रात्री ओहोळाकडच्या दोन कुणग्यांत कळप शिरला. खाल्लं थोडं, लोळून आडवं केलं त्याच्या तिप्पट. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या परवान्याच्या बंदुका साफसफाईसाठी पडवीत आल्या. चार घरं, चार बंदुका, त्यातली एक माझी. मालकांसोबत बसून एकेक नीट बघितली आणि रात्री झोप लागली नाही. चारही बंदुकांना काही ना काही बाहेरचं लावलेलं, आणि त्यातलं एकही धड बसलेलं नाही.

म्हणून आजची नोंद भातावर नाही, बंदुकीवर आहे. जरा कडक लिहितोय. कोणाला राग आला तर येऊ दे.

आधी एक गोष्ट साफ करतो. हे शिकारीबद्दल नाही. डुक्कर मारायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आपल्यातले बहुतेक जण बार काढतात ते आवाजासाठी, कळप उठवायला. पण आवाजासाठी काढलेला बारही बारच असतो. आत दारू तीच, दाब तोच, आणि मागे तोंड आपलंच.

आता पडवीत काय दिसलं ते सांगतो.

पहिल्या बंदुकीला ऑनलाइन मागवलेली बॅटरी. दोन अर्धगोल पट्ट्या आणि चार स्क्रू. पट्ट्या नळीपेक्षा मोठ्या, म्हणून आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबलेला. बार काढला की बंदूक मागे जाते आणि बॅटरी पुढे सरकते. सरकली की स्क्रू आणखी आवळायचा. मी म्हटलं, "काका, नळी तोंडाकडे जेमतेम मिलिमीटरभर जाड असते, किती आवळाल?" तर म्हणाले, "बसली मा? मग आणि काय होया तुका?" नळीला पोचा पडला की छर्रे तिथेच अडखळतात, आणि पुढच्या कुठल्यातरी बाराला नळी फुगते. फुगली नाही तर नशीब.

दुसरीचा पट्टा नवा. वरून चामडं वाटावं असं रेक्झिन, आणि कड्या ठिसूळ ओतीव धातूच्या, वरून काळा रंग. कडी जाड, दस्त्यावरच्या डोळ्यात जाईना, म्हणून मालकाने कानशीने डोळाच मोठा केला. आता हलवलं की खुळखुळतं. पट्टा म्हणजे शोभेची वस्तू वाटते लोकांना. रात्री चिखलाच्या बांधावरून चालताना कडी तुटली तर बंदूक दगडावर आपटणार. जुन्या एकनळीत घोडा खाली असला की तो सरळ सुईवर टेकलेला असतो. बंदूक भरलेली असेल आणि आपट घोड्यावर बसली, तर चापाला बोट न लावता बार उडतो. आपल्याकडे बंदूक पडून बार उडाल्याच्या गोष्टी सांगतात, त्यातल्या किती पट्ट्याच्या असतील याचा विचार करा. (आणि चालताना बंदूक रिकामी ठेवायची, हे पट्टा चांगला असला तरी पाळायचं.)

तिसरी ठासणीची. ज्यावर केप बसते ती निप्पल झिजली, म्हणून बाजारातल्या लेथवर नवी काढून घेतली. जुन्या बंदुकांचे आटे बहुतेक इंच मापाचे. लेथवाल्याने जवळचं मिलिमीटरचं माप कापलं. दोन फेरे गेले, मग घट्ट झालं. घट्ट झालं म्हणजे बसलं, असा आपला हिशेब! अहो, चुकीचा आटासुद्धा दोन फेऱ्यांत घट्टच होतो. पंपाच्या नटाला असं केलं तर पाणी गळतं. इथे दारूचा दाब ती निप्पल उचकटून मागे फेकतो. मागे डोळा असतो.

चौथी माझी. दुसऱ्याला शहाणपण शिकवतोय असं वाटू नये म्हणून ही सविस्तर सांगतो.

वडिलांच्या वेळची एकनळी, १२ बोअर. सुई झिजून बोथट झाली होती, चारातलं एक काडतूस फुसकं जायचं. शहरातल्या एका दुकानात गेलो. त्याने खोक्यातून एक सुई काढली आणि म्हणाला, "१२ बोअरची आहे, सगळ्यांना चालते." पावती मागितली तर कच्ची चिठ्ठी. घरी आणली तर जाड, भोकात जाईना. फोन केला. म्हणे, घासून बसवा. घासली, बसली. मी खूश. पण जाडी घासली, लांबी तशीच राहिली. सुईचं टोक जेमतेम एक-दीड मिलिमीटर बाहेर यायला हवं. माझं त्याहून बरंच बाहेर येत होतं. दुसऱ्याच बाराला काडतुसाच्या बुडातली टोपी फुटून आरपार भोक पडलं आणि गरम वायू मागे आला. चष्म्याच्या काचेवर काजळी बसली. चष्मा नसता तर ही नोंद मी लिहिली नसती, कोणाकडून तरी लिहून घेतली असती. दुकानदाराकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "बंदूकच जुनी तुमची. पार्टात खोट नाही."

या वाक्याची मला चीड आहे. पार्ट बसत नाही, तर दोष बंदुकीचा. आणि "सगळ्यांना चालतो" म्हणताना मात्र माझी जुनी बंदूक त्या "सगळ्यां"मध्ये होती!

१२ बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, तर एका गोळीचा जो व्यास, तो नळीचा व्यास. साधारण साडेअठरा मिलिमीटर. बस, एवढंच त्या आकड्यात आहे. नळी बाहेरून किती जाड, सुई किती लांब, आटे कुठले, घोड्याची ठेवण कशी, यातलं काहीही नाही. ५० एचपीचा ट्रॅक्टर एवढं सांगून क्लचप्लेट मागितली तर दुकानदार हसेल आणि मॉडेल विचारेल. बंदुकीला मात्र "१२ बोअर" म्हटलं की खोक्यात हात घालतो. "युनिव्हर्सल" लिहिलेली वस्तू ही मापच न घेतलेली वस्तू असते.

सगळ्यात फसवं उदाहरण काडतुसाचं. जुन्या बंदुकांची काडतुसाची खोली बऱ्याचदा ६५ मिलिमीटरची, नव्यांची ७० ची किंवा जास्त. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार उडून तोंड उघडल्यानंतरची असते. उडायच्या आधी तोंड दुमडलेलं, म्हणून ते आखूड असतं. त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या खोलीत आरामात बसतं. बंदूक बंद होते. बार काढला की तोंड उघडायला जागा नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब भलताच वाढतो. बसलं, बंद झालं, सगळं ठीक दिसलं, आणि तरी चूक. ज्याला बसणं म्हणजे जमणं वाटतं, त्याने हे एकच उदाहरण ध्यानात ठेवावं. जो भाग अजिबात बसत नाही तो निरुपद्रवी, आपण तो परत करतो. जवळजवळ बसणारा भाग माणूस जायबंदी करतो.

आता उलट बाजू. मला माहीत आहे काय म्हणाल. "मूळ पार्ट आणायचे कुठून? बनवणारी कंपनी कधीच बंद पडली." खरं आहे. पण याचं उत्तर खोक्यातली सुई नाही. उत्तर आहे परवानाधारक बंदूक कारागीर, जो तुमची बंदूक समोर ठेवून, माप घेऊन, तिच्यापुरताच भाग करतो. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदूक दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, आणि शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. म्हणजे लेथवाला आणि कच्ची चिठ्ठी देणारा, दोघंही तुम्हाला अडचणीत घालतात. काही जण आवाज कमी करणारी जोडणीही विकायला बघतात. तीही कायद्याने बंदुकीतच मोजली जाते. आणि बाबांनो, डुकरं पळवायला आपल्याला आवाजच तर हवाय!

दुसरा आक्षेप कृषीतज्ज्ञ मित्रांचा: बंदूक सोडा, सौरकुंपण घाला. ज्याला जमतं त्याने जरूर घालावं. पण ओहोळ, चढउतार आणि पंधरा तुकड्यांत विखुरलेली शेती असली की कुंपणाचं गणित सगळ्यांना बसत नाही. तोवर बंदूक आहे, तर ती धड असू दे. तुम्ही आम्हाला फवारणीआधी नोझल तपासा, पंपाचं माप काढा म्हणून शिकवता. आम्ही आता ते करतो. तोच धडा इथे का नको?

तिसरा आक्षेप खर्चाचा. कारागीर लांब, दोन खेपा, मजुरी. मान्य. पण माझा डोळा त्या सुईपेक्षा महाग आहे, आणि शेजाऱ्याचा पाय त्या पट्ट्यापेक्षा.

खरा राग मला यंत्रणेचा आहे. परवाना देताना कागद तपासतात, नूतनीकरणाला कागद तपासतात. बंदुकीची तब्येत कोणी विचारत नाही. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करा म्हणून नोटिसा येतात, भात उभं असलं तरी. आपण खेपा घालून जमा करतो. मग माझी मागणी साधी आहे. बंदुका ठाण्यात पडून असतातच, तर त्या काळात जिल्ह्यातला एक परवानाधारक कारागीर बसवा. सुई, घोडा, नळी, आटे, दस्ता बघून एक चिठ्ठी लावा: ठीक, दुरुस्ती हवी, किंवा वापरू नका. फी घ्या, देऊ.

ते होईल तेव्हा होईल. आपण आजपासून करायचं ते हे:

१. नळीवर कोरलेलं माप बघा. ६५ की ७०, की इंचात अडीच की पावणेतीन. कळलं नाही तर कारागिराला विचारल्याशिवाय काडतूस घेऊ नका.

२. घासून, ठोकून, ट्यूब घालून बसवावा लागतो तो भाग आपला नाही. परत करा.

३. पक्की पावती घ्या आणि तिच्यावर कोणत्या बनावटीसाठी भाग दिला ते लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर उत्तर मिळालंच.

४. नळीवर वेल्डिंग, छिद्र, काही नाही. कारखान्यात त्या नळीची दाबाची चाचणी झाली होती, त्या दिवसानंतर तिला काही अर्थ राहत नाही.

५. बार फुसका गेला तर लगेच उघडू नका. तोंड मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा.

माझी बंदूक कारागिराकडे दिली आहे. येईपर्यंत रात्री डबे वाजवतोय आणि काकांना बॅटरी बंदुकीवरून काढून डोक्याला बांधायला लावली आहे. काका कुरकुरले, पण बांधली. काल कळप आला नाही. आज येईल.

पटलं तर वाडीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली सांगा कुठे चुकलो. पण आधी माळ्यावरची बंदूक रिकामी आहे याची खात्री करून उजेडात बघा.