गेलागेत्सा: देणे की देखावा?

शब्दाचा प्राण काढून घ्यावा आणि त्याचे कलेवर सजवून मिरवावे, असा प्रकार मेक्सिकोतील ओआहाका शहरात दरवर्षी जुलै महिन्यात घडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. 'गेलागेत्सा' या नावाने जगभर गाजणाऱ्या त्या महोत्सवाचे कौतुक पुष्कळ होते. त्या नावाचा अर्थ मात्र फार थोडे जण विचारतात.

गेलागेत्सा हा तेथील सापोतेक लोकांचा शब्द. एखाद्या घरी लग्न निघाले किंवा गावच्या संताच्या सणाचे यजमानपद एखाद्या कुटुंबाकडे आले, की शेजारीपाजारी मका, टर्की कोंबडे, कोको, मद्य घेऊन येतात. कोणी काय आणले हे वहीत मांडून ठेवतात आणि देणाऱ्याच्या घरी प्रसंग आला की तेवढेच परत पोचते करतात. ही भीक नव्हे, उपकारही नव्हे. आज मी तुझ्या दारी, उद्या तू माझ्या दारी, अशा या व्यवहारावर गरिबाघरचे कार्यही ताठ मानेने पार पडते.

आता महोत्सवाकडे वळू. स्पॅनिश राजवटीत आन्तेकेरा म्हटल्या जाणाऱ्या या वसाहतीला १५३२ साली शहराचा दर्जा मिळाला. १६ जुलै हा कार्मेल मातेचा सण. त्यानंतरच्या सोमवारी फोर्तीन टेकडीवर जाऊन आनंद करण्याची नगरवासीयांची रीत जुनीच. १९३२ साली शहराच्या चौथ्या शताब्दीनिमित्त प्रांताच्या निरनिराळ्या विभागांतून प्रतिनिधी आले, त्यांनी नृत्ये केली आणि राजधानीला भेटी अर्पण केल्या. त्यातूनच आजचा सोहळा आकाराला आला. १९७४ साली टेकडीवर भव्य रंगमंडल उभे राहिले. १९८७ साली शहराचा जुना भाग युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला आणि पर्यटकांचा ओघ वाढत राहिला.

आज रंगमंचाजवळच्या जागा तिकिटाने विकल्या जातात. मागच्या, उंचावरच्या जागा विनामूल्य असतात. त्यासाठी सामान्यांनी तासन्‌तास रांगेत तिष्ठायचे. प्रत्येक पथक नृत्य संपले की आपल्या मुलखातली फळे, भाकऱ्या, टोप्या प्रेक्षकांकडे भिरकावते. हीच म्हणे गेलागेत्सा! वाचकहो, क्षणभर विचार करा. खेड्यातला माणूस देतो, तिकीटवाला झेलतो आणि दुसऱ्या दिवशी निघून जातो. त्या खेड्यात उद्या लग्न निघाले, तर हा पाहुणा तेथे काय घेऊन जाणार आहे? त्याचे नाव कोणत्या वहीत आहे? परतफेडीचे बंधन नसलेल्या देण्याला दुसरे कोणतेही नाव द्यावे. हे नाव देऊ नये.

काही विद्वान म्हणतात, की महोत्सव बनावट आहे, म्हणून तो त्याज्य आहे. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. तुश्तेपेकच्या स्त्रियांचे प्रसिद्ध अननस-नृत्य १९५८ साली पाउलिना सोलीस या शिक्षिकेने बसवले. म्हणून काय ते खोटे ठरते? प्रत्येक परंपरा कधीतरी नवी होतीच. दुसरा पक्ष म्हणतो, की पर्यटनाने पोट भरते, मग तक्रार कशाला? व्यापाराशी आमचे वैर नाही. त्याच शहरात २३ डिसेंबरला मुळ्यांची रात्र साजरी होते. नाताळच्या बाजारात गिऱ्हाईक ओढण्यासाठी भाजीवाले मुळे कोरीत. १८९७ पासून त्याची स्पर्धा भरते. आजही कोरलेल्या मुळ्यांतून गव्हाणीचे देखावे मुख्य चौकात मांडले जातात आणि राव-रंक एकाच रांगेतून ते पाहतात. बाजारातून जन्मलेला हा सोहळा सर्वांचा राहू शकतो, तर देण्याघेण्यातून जन्मलेला सोहळा विकला का जावा?

हा प्रश्न आमचा एकट्याचा नाही. २००६ साली शिक्षकांच्या आंदोलनामुळे सरकारी महोत्सव रद्द झाला, तेव्हा आंदोलकांनी स्वतःची विनामूल्य 'लोकांची गेलागेत्सा' भरवली. त्यांच्या राजकारणाशी सहमत असा वा नसा, त्यांनी बोट नेमक्या जखमेवर ठेवले होते.

बदल अशक्य आहे म्हणाल, तर तेही खरे नाही. १८ जुलै हा ओआहाका प्रांताचे सापोतेक सुपुत्र, राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी सोमवार आला, तर सोहळा पुढे ढकलतात. एका मृत नेत्यासाठी तारीख हलते, मग जिवंत गावांसाठी खुर्च्या का हलू नयेत? पुढच्या रांगा नाचणाऱ्या गावांच्या माणसांना द्याव्यात. तिकिटाचा पैसा त्या गावांच्या कामी लावावा आणि त्याचा हिशेब उघड मांडावा. वही हाच तर गेलागेत्सेचा आत्मा आहे!

मेक्सिको आपल्याला अगदीच परका नाही. वसईचे संत गोन्सालो गार्सिया आणि मेक्सिको शहराचे संत फेलिपे दे हेसूस यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे एकाच वेळी क्रूसावर प्राण दिले. तेव्हा त्या दूरच्या शहराला विचारलेला प्रश्न आपल्या धर्मग्रामांनाही लागू पडतो. सणाच्या मांडवात पुढची खुर्ची कोणाला मिळते, देणगी मोठी देणाऱ्याला की पहाटे उठून मांडव घालणाऱ्याला? याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या चर्चच्या आवारात उभे राहून द्यावे.