पेडल बसले, तर गाडी उभी करा

रस्त्यावर गाडी ठोकली की चौकशीत पहिले नाव ड्रायव्हरचे येते. ब्रेक लागला नाही असे त्याने सांगितले, की ‘मग आधी लेखी का दिले नाही?’ हा प्रश्न तयार असतो. आणि आधी तोंडी सांगितलेले असले, तर ‘दोन पंप मारा आणि निघा’ हेच उत्तर त्याला मिळालेले असते. टपालाच्या गाड्या चालवणारे, रेल्वेच्या जीप व ट्रकवर काम करणारे, तसेच फंडातून पैसे काढून जुनी अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी किंवा मारुती 800 घेणारे आमचे बंधू, या सर्वांसाठी आम्ही हा विषय येथे मांडत आहोत.

आमचे मत स्पष्ट आहे. पेडल मऊ लागणे किंवा हळूहळू खाली बसणे ही यंत्राने दिलेली पूर्वसूचना आहे. तिचे कारण सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नये आणि कोणी काढायला लावू नये.

रेल्वे कामगारांना यातला फरक पटकन कळेल. आपल्या एअर ब्रेकमध्ये ब्रेक पाईपचा 5 किलोचा दाब कमी झाला की ब्रेक लागतो. पाईप तुटला तरी गाडी थांबते. मोटारीच्या ऑईल ब्रेकचे नेमके उलटे आहे. तेथे नळीतला दाब गेला की ब्रेकच जातो. नंतरच्या गाड्यांत दोन वेगळे सर्किट आले, त्यामुळे एक गेले तरी दुसरे थोडेफार काम करते. जुन्या एकेरी सर्किटच्या गाडीत तेवढाही आधार नाही.

तपासणीला मोठे गॅरेज लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून चाकांखाली दगड लावावेत. इंजिन बंद ठेवून आधी ब्रेक ऑईलची डबी पाहावी. पातळी उतरली असेल, तर ऑईल कोठेतरी गळते आहे किंवा लायनर, पॅड झिजले आहेत. नुसते ऑईल ओतणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. चाकांची आतली बाजू, पाईपचे जोड, रबरी होज आणि व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्यांखाली ओल आहे का ते पाहावे. बूस्टर असलेल्या गाडीत ऑईल बूस्टरच्या आत ओढले जाऊ शकते. मग बाहेर थेंबही दिसत नाही.

त्यानंतर चार-पाच वेळा पेडल मारून बूस्टरचा व्हॅक्यूम संपवावा आणि पाय अर्धा मिनिट स्थिर दाबून धरावा. पेडल स्पंजासारखे लागले, तर नळीत हवा आहे किंवा जुना होज फुगतो आहे. हवा काढावीच, पण ती आत शिरली कोठून हेही शोधावे. पहिल्या दाबाला पेडल खोल जाऊन दुसऱ्याला उंच व घट्ट लागले, तर बहुधा ड्रमच्या ब्रेक शूची फट वाढलेली असते. तेथे शू अ‍ॅडजस्ट करावे लागतात. हवा काढत बसण्यात वेळ जातो.

पाय स्थिर असताना पेडल हळूहळू खाली चालले, तर ते सर्वांत धोक्याचे. बाहेर गळती नाही, डबीतली पातळीही तीच आहे, तरी पेडल बसते, याचा अर्थ मास्टर सिलिंडरचे रबर आतल्या आत ऑईल सोडते आहे. ही परीक्षा हलक्या पायानेही करावी. झिजलेले रबर जोराच्या दाबाला धरते आणि हलक्या दाबाला सोडते, असेही होते. म्हणूनच पंप मारल्यावर ब्रेक लागला, एवढ्यावर विश्वास ठेवता येत नाही. सिलिंडरला आतून खड्डे पडले असतील तर नुसते किट टिकत नाही, सिलिंडरच बदलावा लागतो. पाय दाबून इंजिन चालू करताना पेडल जरासे खाली जाते, तो मात्र दोष नव्हे. बूस्टर काम करीत असल्याची ती खूण आहे.

आणखी एक कारण घाटात कळते. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. नवे डॉट 3 ऑईल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेल्या ऑईलची हमी 140 अंशांवर येते. कसारा घाट उतरताना ते तापून वाफ झाली की सकाळी घट्ट असलेले पेडल मऊ पडते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदलावे, आणि त्या डबीत इंजिन ऑईल कधीही घालू नये. त्याने सगळी रबरे फुगतात.

गाड्या कमी आहेत, टपाल अडेल, ड्रायव्हर सबबी सांगतात, असे प्रशासन म्हणेल. आमचे उत्तर असे की, पेडलची ही परीक्षा काही मिनिटांत होते आणि खोटी सबबही तीच उघडी पाडते. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 190 पाहा. धोकादायक दोष माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता अशा वेळी, गाडी चालवणाऱ्याइतकाच ती चालवायला लावणारा व चालवू देणाराही शिक्षेस पात्र आहे.

ब्रेक पॉवर सर्टिफिकेट हाती आल्याशिवाय लोको पायलट आणि गार्ड, ज्यांना 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, गाडी नेत नाहीत. हाच नियम रस्त्यावरच्या गाडीलाही हवा. ब्रेकची तक्रार लॉग बुकात नोंदवून तिची सहीची प्रत ड्रायव्हरला मिळावी. काय तपासले आणि काय सापडले हे लिहून जबाबदार माणसाने सही केल्याशिवाय गाडी बाहेर पडू नये. आणि त्या सहीशिवाय गाडी नेण्यास नकार देणाऱ्यावर कारवाई होऊ नये.

तोवर बंधूंनो, तोंडी सांगून थांबू नका. तारीख, वेळ आणि पेडल कसे लागते ते लिहून द्या, प्रत जवळ ठेवा. स्वतःची जुनी गाडी असेल, तर सही करणारे तुम्हीच आहात. मुलाबाळांना घेऊन निघण्यापूर्वी ते अर्धे मिनिट पेडल दाबून धरा.