कोणाचा लीजंड, कोणाचा नुसताच गोलकीपर

मंडळी, आखातातल्या भारतीय माणसाला क्रिकेट आणि सोन्याचा भाव सोडून तिसरा विषय नसतो, अशी तुमची समजूत असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या. इथे फुटबॉलवरून जेवढे वाद होतात तेवढे तर आमच्या कोल्हापुरात मटणाच्या रश्श्यावरूनही होत नाहीत. परवाच असा एक वाद झाला. दोन दिवस तो काही डोक्यातून जाईना, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं.

स्थळ: मस्कतमधल्या अल खुवैर भागातलं आमचं नेहमीचं कॉफी शॉप. मालक मल्याळी, चहा करक, आणि सोबत पराठ्यात चिप्सचा चुरा घालून केलेली गुंडाळी. (हसू नका. इथे तेच आमचं मिसळपाव.) पात्रं तीन. एक मी. दुसरा माझा ओमानी सहकारी, शरकिया भागातल्या अल मुधैबीचा. तिसरा आमचा जुना प्रोजेक्ट मॅनेजर, इंग्लंडमधल्या बोल्टनचा. निवृत्त होऊन घरी गेलेला हा गृहस्थ हिवाळ्यात मस्कतला फिरायला आला होता.

बोलता बोलता अली अल हब्सीचा विषय निघाला. हे नाव तिकडे फारसं कोणाला माहीत नसेल. अली हा ओमानचा गोलकीपर. जन्म १९८१ चा, गाव अल मुधैबी. तरुणपणी मस्कतच्या विमानतळावर अग्निशामक दलात नोकरीला होता. ओमानच्या गोलकीपरांना शिकवायला आलेल्या जॉन बरिज या इंग्रज कोचने त्याला हेरलं. २००३ साली तो नॉर्वेत ऑस्लोच्या लिन क्लबकडे गेला, २००६ मध्ये बोल्टनला आणि २०१० मध्ये विगनला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळलेला हा पहिला ओमानी. पुढे रेडिंग, मग सौदीचा अल हिलाल, शेवटी वेस्ट ब्रॉम, आणि २०२० मध्ये निवृत्ती. ओमानकडून सव्वाशेच्या वर सामने.

तर आमचा बोल्टनकर साहेब अगदी निरागसपणे म्हणाला, "अली ना? गुणी मुलगा होता. आमचा दोन नंबरचा कीपर."

माझ्या ओमानी मित्राने हातातला कप खाली ठेवला.

साहेबाचं चूक नव्हतं. बोल्टनला तेव्हा युसी यास्केलायनन नावाचा पक्का फिन कीपर होता आणि अलीचा बराच काळ बाकावर गेला. साहेबाच्या डोळ्यांपुढे लीजंड म्हटलं की नॅट लॉफ्टहाउस येतो. गावातच जन्मलेला, महायुद्धाच्या काळात कोळशाच्या खाणीत राबलेला, आयुष्यभर एकाच क्लबकडून खेळलेला, लीगमध्ये २५५ गोल मारलेला. २०११ मध्ये तो वारला आणि २०१३ मध्ये स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. साहेबाची व्याख्या सरळ होती: लीजंड म्हणजे जो सोडून जात नाही तो.

मित्र म्हणाला, "मग अली आमचा कोण?"

आता हा प्रश्न मला उद्देशून नव्हता, पण लागला मात्र मला. का, ते पुढे सांगतो.

आधी आपण इंजिनिअर लोक करतो तसं निकष लावून बघू. पहिला निकष, आकडे. आकड्यांनीच लीजंड होत असता तर ओमानात चर्चा हानी अल धाबितची व्हायला हवी. २००१ साली आंतरराष्ट्रीय गोलांच्या यादीत साऱ्या जगात त्याचं नाव वर होतं. किंवा अहमद मुबारक 'कानू'ची, जो ओमानकडून अलीपेक्षाही जास्त सामने खेळला. दोघांनाही इथे मान आहे, भरपूर आहे. पण टॅक्सीवाल्याने स्वतःहून नाव काढलं तर ते अलीचं असतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव.

दुसरा निकष, चषक. अलीने अल हिलालकडून २०१७-१८ ची सौदी लीग जिंकली. विगनने २०१३ मध्ये मॅन्चेस्टर सिटीला १-० ने हरवून एफए कप उचलला तेव्हाही तो विगनचाच खेळाडू होता, पण फायनलला गोलमध्ये जोएल रोब्लेस होता. त्या दोन पदकांबद्दल मी इथल्या कॉफी शॉपमध्ये कधी कोणाला बोलताना ऐकलेलं नाही. लोक बोलतात ते २००९ बद्दल.

२००९ चा जानेवारी. गल्फ कप मस्कतला होता. आखाती देशांना ही स्पर्धा किती जिवाची, ते आपल्याला भारत-पाकिस्तान सामन्यावरूनच कळेल. ओमान २००४ मध्ये दोह्यात फायनलला पोचला, कतारकडून पेनल्टींवर हरला. २००७ मध्ये अबूधाबीत परत फायनल, यूएईकडून ०-१. दोन्ही वेळा गोलमध्ये अली. आणि आता घरच्या मैदानावर तिसरी फायनल, समोर सौदी अरेबिया. पूर्ण स्पर्धेत अलीने एकही गोल खाल्ला नव्हता. १७ जानेवारीला बौशरच्या स्टेडियमवर १२० मिनिटं झाली तरी ०-०. मग पेनल्टी. मला तिकीट मिळालं नव्हतं. ह्याच कॉफी शॉपबाहेर फुटपाथवर उभं राहून आम्ही पन्नास-साठ जण एका टीव्हीकडे बघत होतो. एरवी हळू आवाजात बोलणारी ही माणसं, पण त्या रात्री माझ्या शेजारचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा अक्षरशः माझा दंड धरून उभा होता. ओमान ६-५ ने जिंकला. पुढची गंमत विचारू नका. पहाटेपर्यंत गाड्यांचे हॉर्न, झेंडे, आणि सनरूफमधून बाहेर निघालेली पोरं.

आता बघा हं. २०१८ च्या जानेवारीत कुवेतमध्ये ओमानने दुसऱ्यांदा गल्फ कप जिंकला, तोही पेनल्टींवरच. तेव्हा गोलमध्ये फायेझ अल रुशैदी होता. ऐन सामन्याच्या शेवटी त्याने एक पेनल्टी अडवली आणि शूटआउटमध्ये परत त्याच खेळाडूची अडवली. याहून भारी काय करायचं माणसाने? लोकांनी त्याला डोक्यावर घेतलंही. पण २००९ च्या अलीची जागा वेगळीच राहिली. कारण २००९ च्या आनंदाखाली २००४ आणि २००७ पुरलेले आहेत. जो माणूस आपल्याबरोबर दोनदा हरला तोच तिसऱ्यांदा जिंकला, ह्याची चव निराळी. ज्याने फक्त विजय दाखवला त्याचे आपण आभार मानतो. ज्याने पराभवात सोबत केली त्याला आपण 'आपला' म्हणतो.

माझं मत आता सांगूनच टाकतो. समर्थकांच्या लेखी लीजंड ठरतो तो पडत्या काळातल्या हजेरीवर. आकडे पुस्तकात राहतात, हजेरी लोकांच्या तोंडी राहते.

साहेबाचा मुद्दा, की 'जो सोडून जात नाही तो', अर्धाच बरोबर आहे असं मला वाटतं. कारण विगन बघा. विगनचा आणि अल मुधैबीचा काय संबंध? पण २०१०-११ मध्ये संघ तळाशी लोंबकळत असताना गोलमध्ये हा परका माणूस उभा होता. शेवटच्या दिवशी संघ वाचला आणि त्या वर्षीचा विगनचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली अलीची. गावात जन्मायची अट नाही. एकाच क्लबात म्हातारं व्हायचीही नाही. बोल्टनला तो दोन नंबरचा, विगनला हिरो, ओमानला लीजंड. माणूस एकच. फरक पडला तो कोणाच्या अडचणीच्या दिवसांत तो उभा होता यामुळे.

आणि ओमान त्याने सोडला नव्हता का? सोडलाच की. ऐन उमेदीची सोळा-सतरा वर्षं बाहेर काढली. पण २००७ आणि २००९ दोन्ही वर्षी, इंग्लंडचा हंगाम ऐन भरात असताना, तो जानेवारीत येऊन गोलपोस्टखाली उभा राहिला. पुढे नाव झाल्यावर ते त्याने रस्त्यावरच्या अपघातांविरुद्धच्या कामाला लावलं. 'सेफ्टी फर्स्ट' नावाची संस्था उभी करण्यात त्याचा हात आहे. इथल्या हायवेवर एकदा रात्री गाडी चालवून बघा, म्हणजे हे काम किती गरजेचं ते कळेल. अग्निशामक दलातला पोरगा शेवटपर्यंत अग्निशामकच राहिला म्हणा ना.

हे सगळं मी साहेबाला ऐकवलं. मित्र खूश झाला, माझ्या चहाचे पैसे त्यानेच दिले. आता मला का लागलं ते.

मी शिवाजी पेठेतला. पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगतो, कोल्हापुरात फुटबॉल क्लबांचा नसतो, तालमींचा असतो. जिथे कुस्त्या व्हायच्या त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ उठून जाते. आमच्या लहानपणी गल्लीत एक गोलकीपर होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. दिवसा उद्यमनगरात लेथवर काम, संध्याकाळी मैदान. त्याने कधी मोठी स्पर्धा गाजवली असं नाही. गोल खायचा, शिव्याही खायचा. पण आमची पेठ हरली की परतताना तो मान खाली घालून चालायचा नाही, आम्हा पोरांना वाटेत चहा पाजायचा. मी मात्र इंजिनिअर झालो आणि निघालो. २००३ पासून मस्कतला आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. आई तेव्हा शुक्रवार पेठेत बहिणीकडे होती. हायवे बंद, लाइट नाही, रात्री फोन लागेना. मी इथे एसीत बसून मोबाईलवर पाण्याचे व्हिडिओ बघत होतो. पैसे पाठवू शकत होतो, ते पाठवले. पण पुराच्या पाण्यात बँक ट्रान्सफर घेऊन करायचं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला. तालमीची पोरं बोट घेऊन आली होती. त्यांच्याबरोबर पन्नाशी ओलांडलेला आमचा गोलकीपर. आई जिन्यावरून बोटीत पाय टाकायला घाबरत होती. त्याने तिचे दोन्ही दंड धरले आणि म्हणाला, "काकी, भिऊ नकासा, धरलंय न्हवं मी."

आई अजून ते वाक्य सांगते. तिने आयुष्यात एकही फुटबॉलचा सामना पाहिलेला नाही.

त्यानंतरच्या सुट्टीत मी त्याला भेटायला गेलो. बरंच बोलायचं ठरवून गेलो होतो. तो म्हणाला, "काय लेका, कवा आलास? आज मॅच हाय, चल." गेलो. स्टँडमध्ये त्याला बसायला जागा करून द्यायला चौघे उठले. त्यातले दोघे तर त्याचा खेळ बघायलाही जन्मले नव्हते. त्याच्या नावावर एकही पदक नसेल, पण त्याची हजेरी सगळ्या पेठेला पाठ होती.

तेव्हा मला स्वतःचा हिशोब करावासा वाटला आणि तो काही फार बरा निघाला नाही. आम्ही बाहेर गेलेली माणसं, गाव सोडलं म्हणून उगीच अपराधी होऊन बसतो, नाहीतर सोडलं त्यात काय चुकलं म्हणून भांडतो. अलीकडे बघितलं की कळतं, जाण्याला कोणीच काही म्हणत नाही. लोक इतकंच लक्षात ठेवतात की जानेवारीत आलास का? पुरात कुठे होतास? माझं उत्तर मला माहीत आहे.

साहेबाने जाताना मला विचारलं, "मग तुझ्या गावचा लीजंड कोण?" मी नाव सांगितलं. अर्थातच त्याने ते कधी ऐकलेलं नव्हतं. माझ्या ओमानी मित्राने मात्र नाव नीट म्हणता येईपर्यंत दोनदा म्हणून बघितलं.

असो. ओमान अजून एकदाही वर्ल्डकपला गेलेला नाही. २०२३ आणि २०२५ च्या गल्फ कपच्या फायनलही हरला. म्हणजे पुढच्या कोणा लीजंडसाठी पायाभरणी व्यवस्थित चालू आहे, असं मी मित्राला म्हणालो. तो हसला, पण फार नाही.