फलकावरचा विठोबा आणि गुरुजींचा विठोबा

आषाढी जवळ आली की चिखलोलीपासून बदलापूरपर्यंत नाक्यानाक्यावर फलक लागतात. कोपऱ्यात विठोबा लहानसा, पुढारी मात्र हात जोडून मोठ्ठे! आपण बघतो, हसतो आणि भाजी घ्यायला पुढे जातो. पण मैत्रिणींनो, देवाचं नाव घेणारा प्रत्येक राजकारणी ढोंगीच असतो का हो?

साने गुरुजींना आपण 'श्यामची आई'पुरतंच ठेवलंय. खरं तर ते आधी काँग्रेसचे, मग समाजवादी पक्षाचे कार्यकर्ते, अनेकदा तुरुंगवास भोगलेले. पंढरपूरचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरातच उपोषणाला बसले. गांधीजींनाही ते उपोषण आधी पटलं नव्हतं. पण सुमारे दहा दिवसांनी ते सुटलं, ते देऊळ खुलं करण्याचं ठरल्यावरच.

लोकांना ते आपले का वाटले? मला वाटतं, त्यांनी देव सोडायला सांगितलं नाही. तुमचाच विठोबा, मग दार बंद का, एवढंच विचारलं. अभंग म्हणत जात्यावर दळणाऱ्या बाईला हे परकं वाटलं नाही. शिवाय जीव त्यांनी स्वतःचा पणाला लावला होता, दुसऱ्याचा नाही.

अमेरिकेतही असं घडलंय. तिथल्या सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते असलेले दिवंगत हॅरी रीड मॉर्मन पंथाचे. त्या पंथाचे बहुतेक लोक विरुद्ध पक्षाकडे झुकलेले. तरी रीड म्हणत, मी या पक्षात आहे तो माझ्या धर्मामुळेच.

बचत गटात मी हे सांगत होते, तर एक बौद्ध ताई चटकन म्हणाली, "तोवर आम्हाला देवळात जायचंच नव्हतं." तिचं खरंच आहे. बाबासाहेबांनी १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला आणि १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणाही केली. श्रद्धेची भाषा श्रद्धावंतांपर्यंतच पोचते. ज्यांनी तो उंबरा ओलांडायचंच सोडलं, त्यांना तिचं काय?

बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने गेले, पण वाद न्यायालयात चालत राहिला. तो मिटला २०१४ साली. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांसाठी सगळ्या जातींतून अर्ज मागवले, बायकांकडूनही. गुरुजींच्या उपोषणाला तेव्हा ६७ वर्षं झाली होती.