अंडे व्हेग्रेव्हिलचे, कार्यालय एडमंटनचे

कॅनडात शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेलेल्या एका पिढीतील मराठी मंडळींना व्हेग्रेव्हिल हे नाव प्रथम भेटले ते लिफाफ्यावर. विद्यार्थी परवान्याची मुदत वाढवायची असो किंवा पत्नीच्या कायम वास्तव्याचा अर्ज असो, कागदपत्रांचे जाडजूड पाकीट अल्बर्टा प्रांतातील या गावाच्या पत्त्यावर टपालात टाकायचे आणि मग उत्तराची वाट पाहत बसायचे, असा तो क्रम होता. हे गाव कोठे आहे, केवढे आहे, याची चौकशी करण्याचे कारण सहसा कोणाला पडत नसे. आपल्याकडे पूर्वी परीक्षा मंडळाच्या पत्त्याला जो गूढ दरारा असे, तसाच काहीसा या नावाला होता.

गाव एडमंटनच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. लोकसंख्या पावणेसहा हजारांच्या आसपास. सभोवार गहू, मोहरीच्या जातीचे कॅनोला आणि क्षितिजापर्यंत सपाट माळ. प्रवासी मार्गदर्शिकांमध्ये मात्र व्हेग्रेव्हिल प्रसिद्ध आहे ते एका अंड्यासाठी. युक्रेनमधून येथे येऊन वसलेल्या शेतकऱ्यांमध्ये ईस्टरच्या वेळी अंड्यांवर मेणाच्या साहाय्याने नक्षी रंगविण्याची प्रथा आहे. त्या अंड्याला पिसांका म्हणतात. १९७५ साली गावाने ॲल्युमिनियमचा पिसांका उभारला. पायथ्यासह उंची साधारण साडेनऊ मीटर. युटा विद्यापीठातील संगणकतज्ज्ञ रोनाल्ड रेश यांनी त्याची भूमिती संगणकाच्या मदतीने सोडविली, कारण अंड्याचा पृष्ठभाग सपाट तुकड्यांनी मढविणे हे दिसते तितके सोपे नाही. दोन हजारांहून अधिक त्रिकोणी तुकडे त्यात आहेत आणि वारा वाहील तसे ते अंडे वातकुक्कुटाप्रमाणे फिरते. कारागिरी खरोखर पाहण्याजोगी आहे. माझी मुलगी एडमंटनला असल्याने एका सप्टेंबरात ते पाहण्याचा योग आला. आम्ही वीस मिनिटे थांबलो, छायाचित्रे काढली, कॉफी घेतली आणि परतलो.

ती वीस मिनिटे मला अजून छळतात, कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांत एक जुना प्रश्न दिसतो. रस्त्यालगतचे अंडे ही सार्वजनिक वस्तू आहे. ते पाहण्याचे तिकीट लावता येत नाही, एकाने पाहिल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही. रंगरंगोटी, गवत कापणे, स्वच्छतागृह हा खर्च नगरपालिकेचा. उत्पन्न झाले तर पेट्रोल पंपाचे आणि कॉफीच्या दुकानाचे. शिवाय हंगाम मे महिन्याच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा. जानेवारीत उणे तीस अंशांत अंडे पाहायला कोण येणार? म्हणजे कर भरणाऱ्या गावकऱ्यांनी बारा महिने सांभाळायचे आणि चार महिने कोणी तरी येऊन वीस मिनिटे पाहायचे, असा हा व्यवहार आहे. तो वाईट आहे असे मी म्हणत नाही. गावाला आपल्या पूर्वजांचा अभिमान वाटतो, आणि अभिमानासाठी खर्च करण्याचा हक्क गावालाही आहे. परंतु त्याला ‘आर्थिक विकास’ म्हणताना जरा जपून म्हणावे.

आता लिफाफ्यावरच्या पत्त्याकडे वळू. संघीय सरकारच्या इमिग्रेशन खात्याचे ते प्रक्रिया केंद्र हा गावाचा सर्वांत मोठ्या रोजगारदात्यांपैकी एक होता. दोनशेहून अधिक माणसे तेथे काम करीत. ऑक्टोबर २०१६ मध्ये सरकारने जाहीर केले की इमारतीच्या भाडेकराराची मुदत संपत आहे, कामाचा व्याप वाढतो आहे, लहान गावात आवश्यक ते मनुष्यबळ मिळत नाही, सबब केंद्र एडमंटनला हलविण्यात येईल. स्थायी कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या शाबूत राहणार होत्या, फक्त टेबल शंभर किलोमीटर पलीकडे जाणार होते. गावाने आणि कर्मचारी संघटनेने विरोध केला, संसदेत प्रश्न विचारले गेले. २०१८ मध्ये केंद्र हलले.

त्या दोनशे पगारांचा आणि अंड्याचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावा. कर्मचारी जानेवारीतही किराणा घेतो. त्याची मुले गावच्या शाळेत असतात आणि पटसंख्येवर शिक्षकांची पदे टिकतात. त्याच्यामुळे दंतवैद्याला गावात दवाखाना चालविणे परवडते, बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाला वर्गणीदार मिळतात. किती पर्यटक आले म्हणजे असा एक पगार भरून निघेल, हे गणित मी अनेकदा कागदावर मांडले. प्रत्येक वेळी आकडा इतका मोठा आला की त्या गावात तेवढ्या गाड्या उभ्या करायलाही जागा पुरली नसती.

प्रेअरीतील गावे मुळात पाहण्यासाठी वसलेलीच नाहीत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. शेतकऱ्याने घोड्याच्या गाडीतून धान्य आणून एका दिवसात घरी परतावे, या मापाने रेल्वेने दर दहा-पंधरा किलोमीटरांवर स्थानक आणि धान्याचे उंच लाकडी कोठार उभे केले; त्या कोठाराभोवती गाव जमले. १९३० च्या दशकात अशी पाच हजारांहून अधिक कोठारे, म्हणजे तेथील भाषेत ‘ग्रेन एलेव्हेटर’, पश्चिम कॅनडात होती. पुढे मालमोटारी आल्या, रस्ते सुधारले, आणि १८९७ च्या क्रोज नेस्ट करारापासून धान्यवाहतुकीला मिळत आलेली सवलत १९९५ मध्ये संपली. आडमार्गांवरील लोहमार्ग उखडले गेले, लाकडी कोठारे पाडून मोजकी प्रचंड काँक्रीटची केंद्रे आली. मॅनिटोबातील इंग्लिस या खेड्यात पाच जुन्या कोठारांची रांग आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपली आहे. ज्या वास्तूमुळे गावे जगली, तीच तिकीट काढून पाहायची वस्तू झाली.

अल्बर्टातील व्हल्कन या गावातही एकेकाळी अशी नऊ कोठारे एका ओळीत उभी होती. गावाचे नाव रेल्वेच्या सर्वेक्षकाने रोमन अग्निदेवतेवरून ठेवले होते. ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेतील ग्रहाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण गावाने तो जोडून टाकला. १९९५ मध्ये अवकाशयानाची प्रतिकृती उभारली, १९९८ मध्ये पर्यटक माहिती केंद्रही यानाच्याच आकाराचे बांधले. २०१० साली मालिकेतील स्पॉक, अर्थात अभिनेते लेनर्ड निमॉय, स्वतः येऊन गेले. या हिकमतीचे मला कौतुकच वाटते. मात्र त्याच्या आदल्या वर्षी, २००९ मध्ये, नवा ‘स्टार ट्रेक’ चित्रपट आला तेव्हा त्याचा पहिला खेळ आपल्या गावी व्हावा अशी व्हल्कनने मागणी केली, आणि अडचण अशी निघाली की गावात चित्रपटगृहच नव्हते. अखेर खास खेळ कॅल्गरीत ठेवून गावकऱ्यांना तेथे नेण्यात आले.

याला अपवाद कोणता, असे कोणी विचारले तर मी ड्रमहेलरचे नाव घेईन. कोळशाच्या खाणींवर जगणारे हे गाव खाणी बंद पडल्यावर ओस पडण्याच्या मार्गावर होते. त्याच दरीत १८८४ साली जोसेफ टिरेल या भूगर्भशास्त्रज्ञाला मांसाहारी डायनोसॉरची कवटी सापडली होती. अल्बर्टा सरकारने पुराजीवशास्त्राचे संग्रहालय कॅल्गरी वा एडमंटनला न बांधता येथे बांधले आणि १९८५ मध्ये ते उघडले. जेमतेम आठ हजार वस्तीच्या गावात आज वर्षाकाठी चार लाखांहून अधिक प्रेक्षक येतात. पण केवळ प्रेक्षकांचा आकडा पाहणे ही चूक ठरेल. ती प्रथमतः संशोधन संस्था आहे. दगडातून हाडे सोडविणारे तंत्रज्ञ, अभ्यासक, ग्रंथपाल बारा महिने पगार घेतात आणि त्याच दरीत घरे करून राहतात. (गावात संघीय कारागृहही आहे. त्याचे चित्र पोस्टकार्डावर छापत नाहीत, पण पगार तेथेही बारा महिने होतात.) प्रांतिक सरकारने ड्रमहेलरला देखावा दिला नाही, कार्यालय दिले. कार्यालय पाहण्यासारखे निघाले, हा भूगर्भाचा कृपाप्रसाद.

शेजारच्या सस्कॅचेवान प्रांताने नेमका उलटा रस्ता धरला. तेथे १९४६ साली, टॉमी डग्लस यांच्या सरकारच्या काळात, प्रांताच्या मालकीची बस कंपनी स्थापन झाली. आपल्या एस.टी.हून ती दोन वर्षांनी थोरली. आणि विचारही तोच, गर्दीच्या मार्गावरील उत्पन्नातून ओस मार्ग चालवायचे. अडीचशेच्या आसपास गावांना ती जोडत असे. कर्करोगाचे रुग्ण तिने शहरात जात, कापणी यंत्राचा मोडलेला भाग तिच्यातून येई, ग्रंथालयांची पुस्तके तिच्यातून फिरत. मार्च २०१७ च्या अर्थसंकल्पात सरकारने सांगितले की सत्तावीसपैकी दोनच मार्ग नफ्यात आहेत, पुढील पाच वर्षांत साडेआठ कोटी डॉलर अनुदान द्यावे लागेल, ते परवडणार नाही. ३१ मे २०१७ रोजी शेवटची बस धावली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ग्रेहाउंड या खाजगी कंपनीनेही पश्चिम कॅनडातील जवळजवळ सारी सेवा बंद केली.

सरकारचा युक्तिवाद खोटा नव्हता. प्रवासी अनेक वर्षे घटतच होते आणि रिकाम्या बसला डिझेल लागतेच. अशा टिपण्या मी स्वतःही लिहिल्या आहेत. पूर्व भारतातील एका लहान गावातले तोट्याचे उपकार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी विलीन करावे, अशी शिफारस माझ्याच सहीने गेली होती. भाडे वाचले, दोन पदे वाचली, आकडे चोख होते. काही वर्षांनी त्याच गावातील जुन्या तलावाच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव दुसऱ्या खात्याकडून अभिप्रायासाठी माझ्याकडे आला. समर्थनात लिहिले होते, ‘स्थानिक रोजगाराचा अभाव’. तो अभाव निर्माण करण्यात माझा वाटा किती, हे त्या फाइलीत कोणी विचारले नव्हते. मीही नोंदविले नाही. अनुकूल अभिप्राय देऊन फाइल पुढे पाठविली.

म्हणून माझे मत असे आहे की पर्यटनाचे अनुदान मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावासोबत एक साधे परिशिष्ट सक्तीचे असावे. गेल्या दहा वर्षांत शासनाने या गावातून काय काय काढून घेतले, याची यादी: बस, टपाल, दवाखाना, शाळा, कार्यालय. आणि त्यांतील काय परत दिल्यास याच पैशांत अधिक काम होईल, याचा शेरा. हे दोन्ही निर्णय वेगवेगळ्या खात्यांत होतात, त्यामुळे ते एका कागदावर कधीच येत नाहीत. बस बंद करणारा अधिकारी पर्यटक मोजत नाही आणि पर्यटक मोजणारा बस मोजत नाही. सेवा काढून घेतल्याने जो पर्यटक आलाच नाही, तो तर कोणत्याच तक्त्यात नसतो.

असा एक न आलेला पर्यटक मला ठाऊक आहे. रिजायना शहरात एका परिचितांकडे त्यांचे वडील सांगलीहून येऊन राहिले आहेत. निवृत्त भूगोल शिक्षक. कॅनडाने आईवडिलांसाठी २०११ पासून दीर्घ मुदतीचा सुपर व्हिसा सुरू केल्यापासून अशी वडीलधारी मंडळी प्रेअरीतील शहरांत बरीच दिसतात. मुले-सुना कामावर, आणि परदेशात, त्यातही बर्फात, स्वतः गाडी चालविण्याची त्यांची छाती होत नाही. या काकांना ईस्टएंडला जायचे होते. जेमतेम सहाशे वस्तीचे हे गाव रिजायनापासून साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. १९९१ मध्ये तेथील शाळेचे मुख्याध्यापक संशोधकांसोबत माळावर हिंडत असताना त्यांना टायरानोसॉरसचे अवशेष दिसले. ‘स्कॉटी’ नावाचा तो प्राणी २०१९ साली त्या जातीतील सर्वांत वजनदार ज्ञात नमुना म्हणून जाहीर झाला. एका शाळामास्तराने ही गोष्ट घडवली, याचे काकांना फार अप्रूप होते. ती टेकडी, ते माळरान त्यांना पाहायचे होते. तेथून पुढे व्हाल मारीचे ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानही, जेथे २००५ मध्ये गवे पुन्हा आणून सोडले. “एस.टी.सारखं काही नाही का हो इथे?” त्यांनी मला विचारले. होते, आता नाही, एवढेच मला सांगता आले. मुलाला सुटी मिळेल तेव्हा जाऊ, असे दोन उन्हाळे ठरले.

अखेर त्यांनी स्कॉटी पाहिला तो रिजायनातच. प्रांताच्या संग्रहालयात २०१९ मध्ये त्याचा पूर्णाकृती सांगाडा उभा केला आहे आणि शहराची बस त्या भागात जाते. काका तीन वेळा जाऊन आले. ईस्टएंडच्या खानावळीत जेवणारे, तेथे एक रात्र मुक्काम करणारे आणि मास्तरांच्या शाळेची इमारत कोणती म्हणून रस्त्यात कोणाला तरी विचारणारे एक गिऱ्हाईक मात्र त्या गावाला मिळाले नाही.